बटणवाला

पुरस्कार सोहळा थेट टीव्हीवर चालू होता. कंट्रोल रूममध्ये दिग्दर्शकाने ओरडायचं आणि बटणवाल्याने बटण दाबून कॅमेरा बदलायचा, अशी रीत. मघाशी निवेदकाने कंबर मुरडत, हात नाचवत ‘तसल्या’ पुरुषांची नक्कल केली, तेव्हा दिग्दर्शक पोट धरून हसला होता. “जवळून दाखव, जवळून!” बटणवाल्याने राग गिळून दाखवलं होतं. आता सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं नाव पुकारलं गेलं. विजेता उठला आणि त्याने शेजारच्या दाढीवाल्या जोडीदाराच्या ओठांवर ओठ टेकले. “प्रेक्षक दाखव!” दिग्दर्शक किंचाळला. बटणवाल्याने बोटही हलवलं नाही. “बहिरा झालास? लोकांच्या घरी आयाबहिणी बसल्यात!” दिग्दर्शकाने स्वतःच बटणाला हात घातला. बटणवाल्याने त्याचं मनगट करकचून धरलं. “माझ्याही घरी आई बसलीय. तिच्या शेजारी बसलाय तो तिला भाडेकरू वाटतो. माझा नवरा आहे तो. दोघांनाही बघू दे. जवळून!”