दिवस मावळायच्या आत

अनुजाला कूस बदलता येत नव्हती. छाती दगडासारखी घट्ट झालेली, वर ताप. पदराचा काठ लागला तरी जीव कळवळत होता. सातव्या महिन्यातच जन्मलेलं तिचं बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. त्याच्यात ओढून प्यायची ताकद नव्हती, आणि इथं दुधाच्या गाठी झाल्या होत्या.

रबरी पंपानं काही निघेना. उद्यापर्यंत उतार पडला नाही तर दूध बंद करायच्या गोळ्या सुरू करू, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगून टाकलं. अनुजाला त्या गोळ्यांचीच धास्ती होती. बाळ घरी येईल तेव्हा त्याला द्यायला आपल्याकडं काहीच नसेल, हे एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. नवरा अमरसिंह दवाखाना ते शिवाजी पेठ स्कूटरच्या खेपा घालून अर्धा झाला होता.

उपाय सासूनं, तानाबाईंनी काढला. संस्थानच्या काळात गडहिंग्लजला एक रामभट वैद्य होते. ते जाऊन जमाना लोटला, पण तानाबाईंच्या घरात त्यांचा शब्द अजून चालायचा. या दुखण्यावर त्यांचं सांगणं सोपं होतं. कोमट पाण्यानं शेकायचं आणि दुसऱ्या घरचं, जोरात ओढणारं तान्हं लेकरू अंगावर पाजायचं. मात्र दिवस मावळायच्या आत ते ज्याचं त्याला परत द्यायचं.

"माझं पहिलं गेलं तवा मलाबी असंच झालतं," तानाबाई म्हणाल्या. "ह्याच उपायानं उतरलं."

अमरसिंह त्यानंतरचा, असं अनुजा ऐकून होती.

अमरसिंहनं एसटीडी बूथवरून नात्यागोत्यात फोन लावले. कुणाच्या घरात तान्हं पोर नव्हतं. तो तसाच दवाखान्याकडं पळाला. मग अनुजानं मीनाबाईंचं नाव काढलं.

मीनाबाई मागच्या गल्लीत राहायच्या, शाळेत शिकवायच्या. त्यांची तान्ही नात सोनम चांगली गुटगुटीत होती. त्याही तानाबाईंसारख्याच मूळच्या गडहिंग्लजच्या. दर भीमजयंतीला पेढे घेऊन दारात यायच्या आणि पहिला पेढा अमरसिंहला स्वतःच्या हातानं भरवायच्या. एरवी परक्या हातचं पाणीही न चालणाऱ्या तानाबाई तेव्हा गुपचूप आत निघून जायच्या. शेजारधर्म म्हणून सासूबाई खपवून घेत असतील, असं अनुजाला वाटायचं.

आता मात्र नाव ऐकून तानाबाईंचा चेहरा पडला. दुसरं कुणी बघूया की, म्हणाल्या. अनुजा दुखण्यानं आधीच कावलेली.

"मला लेकरू पाहिजे, आत्ती. त्याची जात न्हाय."

तानाबाई उठल्या. चपला घातल्या आणि स्वतःच बोलवायला गेल्या.

मीनाबाई लगेच आल्या, नातीला घेऊन. सोनमनं तोंड लावलं तशी अनुजा किंचाळलीच. मग हळूहळू गाठी सैल व्हायला लागल्या. दोन दिवसांनी पहिल्यांदा तिला नीट श्वास घेता आला. ती रडत राहिली आणि पोरगी पीत राहिली, पिता पिता तिच्या मंगळसूत्रात बोटं अडकवून झोपली.

तानाबाईंच्या जिवाला मात्र चैन नव्हतं. दारापासून खिडकीपर्यंत येरझारा चालल्या होत्या. समोरच्या तालमीच्या पत्र्यावरचं ऊन वर वर सरकत होतं.

"ऊन चाललं. दे लेकरू."

अनुजानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. थोड्या वेळानं त्या पुन्हा तेच बोलल्या. अनुजानं सोनमला आणखीच जवळ ओढलं. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदाच तिच्या कुशीत लेकरू होतं. पहाटे परत गाठी झाल्या तर काय करू, असं ती विचारू लागली. एक रात्र राहू दे, फक्त एक.

"न्हाय," तानाबाई म्हणाल्या.

"का? सांजेला ह्यांचं पोर आपल्या घरात चालत न्हाय म्हणून?"

"जातीचं न्हाय गं, पोरी. लळा लागतो." तानाबाई खाली बसल्या. "मला लागलता. दुखणं उतरलं तरी मी दिलं न्हाय. एक रात म्हटलं, मग आणि एक. मग गावच सोडलं."

मीनाबाईंनी सोनमची बोटं अलगद सोडवून तिला उचललं. तिला दुपट्यात गुंडाळताना त्या कुणाकडं न बघता बोलल्या.

"गाव सोडस्तोवर आमची आई रोज सांजला तुमच्या दारात येऊन बसायची, अक्का. मीबी असायची संगं."

अनुजाला काहीच समजेना. ती एकदा सासूकडं बघे, एकदा मीनाबाईंकडं.

"मग ते लेकरू? त्याचं काय झालं?"

बाहेर स्कूटर थांबली. दोघी बायकांच्या माना एकदमच दाराकडं वळल्या.

"आलं बघ," तानाबाई म्हणाल्या.

दारात अमरसिंह चपला काढत होता.