ऐंशीच्या पुढे

"मामा, ऐंशीच्या पुढे गाडी मिसिंग मारते, धक्के खाते. तेवढं बघा," जावई म्हणाला. लेक आतच बसून होती. थांबलेल्या गाडीतही तिनं सीटबेल्ट घट्ट धरला होता.

शिदूमेस्त्रींनी इंजिनचे चारही स्पार्क प्लग काढले. प्रत्येकाचा गॅप कुणीतरी मुद्दाम वाढवला होता, अगदी एकसारखा; वेग वाढला की ठिणगी चुकावी इतकाच. एवढं सफाईदार काम त्यांनी एकाच माणसाला शिकवलं होतं. लेकीला.

"हिनं तोंड उघडलं की मी काटा शंभरवर नेतो. लगेच गप्प बसते," जावई हसला. "आता तीही सोय राहिली नाही."

तिनं फोनवर काही सांगितलं की मेस्त्री दर वेळी तिला म्हणत आले होते, "सांभाळून घे, पोरी."

मेस्त्रींनी प्लग खिशात टाकले आणि तिच्या बाजूचं दार उघडलं.

"बेल्ट सोड, पोरी. घरात चल."