केरबाची वकील

मुलाखतीच्या खोलीत शिरल्याबरोबर पंचशीला सोनकांबळेनं अध्यक्षांना ओळखलं आणि अध्यक्षांनीही तिला. दोघांनीही तसं दाखवलं नाही. अध्यक्ष गुरुपादप्पांनी नुसतं खुर्चीकडं बोट केलं आणि तिच्या अर्जात डोकं घातलं.

संस्था त्यांचीच होती. खालच्या मजल्यांवर डॉक्टर-इंजिनिअर घडवणारे क्लासेस आणि सगळ्यात वर विधी महाविद्यालय. लातुरात त्या दिवसांत क्लासेस इतके झाले होते, की बोर्ड लावायला भिंत उरली नव्हती. फौजदारी कायदा शिकवायची कायम जागा मात्र ही एकच निघाली होती. पंचशीला कित्येक वर्षं तासावर शिकवत आली होती. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. आपण कुणापुढं बसणार हे ठाऊक असूनही ती आली होती, कारण आज नाही तर कधीच नाही.

प्रश्न विचारत होते नांदेडहून आलेले विषयतज्ज्ञ अजीज सर. किडकिडीत माणूस, बोलणं अदबीचं, पण प्रश्नांत हातचं राखणारा नव्हे. त्यांनी तिला जामिनापासून फाशीपर्यंत फिरवून आणलं. ती कुठंच अडली नाही. जागा आपली झाली असं तिला वाटायला लागलं, तेवढ्यात त्यांनी अर्जाचं शेवटचं पान उलटलं. गरीब आरोपींना कोर्ट वकील नेमून देतं, तशी वकील म्हणून तिनं बरीच वर्षं काम केल्याचं तिथं लिहिलं होतं.

"भूकंपातला तो पाटल्यांचा खटला तुम्हीच चालवलात ना, मॅडम?"

"हो."

"आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. आता तो हयातही नाही, असं ऐकतो. मग सांगायला काय हरकत आहे? चोरी त्यानं केली होती का?"

गुरुपादप्पांच्या हातातलं पेन थांबलं.

केरबा त्यांचाच सालगडी, वर्षाच्या बोलीवर राबणारा. गुरुपादप्पांची बहीण सिंधु गणपतीला म्हणून माहेरी आली आणि भूकंपात ढिगाऱ्याखाली गेली. प्रेत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडलं. सासरच्यांनी दागिन्यांची चौकशी केली, तेव्हा तिची एक पाटली केरबाच्या धोतराच्या सोग्यात निघाली. बाकीच्या कधीच निघाल्या नाहीत. गुरुपादप्पांनी पिंजऱ्यात उभं राहून, शपथ घेऊन सांगितलं, की सगळ्या यानंच चोरल्या.

जेलात केरबानं पंचशीलाला वेगळंच सांगितलं होतं. कंदील त्यानं धरला होता, पाटल्या मालकांनी काढल्या होत्या आणि त्यातली एक गप बसायची म्हणून त्याच्या हातावर ठेवली होती. "पण मालकाचं नाव काढू नका, बाई," तो म्हणाला होता. "सुटल्यावर मला त्याच गावात राहायचं हाय." तिनं नाव न काढताच तो खटला जिंकला. केरबा मरेपर्यंत त्याच गावात राहिला, आणि त्याच्या पोरांना गाव अजून मढेचोराची पोरं म्हणतं.

"ते मला सांगता येणार नाही, सर," पंचशीला म्हणाली. "पक्षकारानं वकिलाला विश्वासानं सांगितलेलं, तो मेल्यावरही उघड करता येत नाही."

अजीज सर पहिल्यांदाच हसले. त्यांना हेच उत्तर हवं होतं. बोलायची घाई असणाऱ्यांना पकडायलाच त्यांनी तो प्रश्न टाकला होता. ते गुण मांडायला वळले. गुरुपादप्पांचा जीव भांड्यात पडला. इथं ते गप्प राहिले असते तर सगळंच निभावलं असतं. पण जीवात जीव आला की काही माणसांच्या तोंडाला कुलूप राहत नाही.

"त्यात लपवायचं काय?" ते म्हणाले. "मढ्याच्या हातातलं सोनं काढणारा हरामखोर होता त्यो. बाईंनी सोडवला. त्यांचं कामच हाय ते, आम्ही काय राग धरत न्हाई."

दारावरच्या पाटीवर आपलं नाव कसं दिसेल, हे पंचशीला सकाळपासून मनात लिहून बघत होती. आताही तिनं ते एकदा बघून घेतलं. मग फाइल बंद केली.

"सर, मी बांधलेली आहे," ती अजीज सरांना म्हणाली. "अध्यक्षसाहेब बांधलेले नाहीत. त्या संध्याकाळी तेही तिथंच होते. पाटल्या कुणी काढल्या, ते त्यांना विचारा."

अजीज सरांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची वळवून घेतली.

"साहेब?" त्यांनी हळूच विचारलं.

गुरुपादप्पांनी दाराकडं पाहिलं. 'केरबानं' एवढा एक शब्द बोलले असते तरी भागलं असतं. तेच खोटं ते कोर्टात न अडखळता बोलले होते. पंचशीला त्याचीच वाट बघत बसली. जागा तर गेलीच होती. खालचा क्लास सुटला, पोरांचा गलका जिन्यावरून उतरत गेला आणि इमारत शांत झाली.

"हात सुजले होते तिचे," गुरुपादप्पा टेबलाकडं बघत म्हणाले. "लई सुजले होते. निघत न्हवत्या."