पंगतीचं पाणी

जरा पुढं सरका, माउली. टाळ घटकाभर खाली ठेवा. लोणी भापकरच्या सप्त्यात जे घडलं ते सांगतो. ऐकाल तर घास घशाखाली उतरायचा नाही.

काल्याचं कीर्तन संपलं होतं. पंगत बसली होती. वाढपी पाणी घेऊन निघाले, तेवढ्यात रेश्मा मांडवात आडवी आली.

"थांबा! हे पाणी कुणी पिऊ नका."

पाणी तिच्याच वडिलांचं, दत्तोबांचं. गावात त्यांचा फिल्टरच्या पाण्याचा धंदा. सप्ताहभर जार फुकट दिले म्हणून नुकताच त्यांना मानाचा नारळ मिळाला होता. रेश्मा बारामतीला कॉलेजात विज्ञान शिकायची. कालव्याचं पाणी तपासायचं तिनं मनावर घेतलं होतं. तपासणीच्या बाटलीत पाणी भरून ठेवायचं. घाणीचे जंतू असले तर ते काळं पडतं. तुलनेला शुद्ध पाणी हवं, म्हणून एक बाटली तिनं घरच्या जारची भरली होती. आज कॉलेजात पाहिलं, तर दोन्ही काळ्या. ती तशीच एसटी धरून आली.

तिनं बाटली उंच धरली. पंगतीतले गेणूतात्या हसले, "दत्तोबाराव, पोरगी शिकली आन् बापालाच नापास केलं की!" सारा मांडव हसला.

दत्तोबांचा चेहरा लाल झाला. "माझं पाणी म्हंजे गंगा हाय. तुझी बाटलीच घाण आसंल. गप बस खाली!"

"आसंल, आप्पा." रेश्मानं बाटली खाली ठेवली. "माझं चुकलं आसंल. पण ते लोकांच्या पोटावर कशाला बघायचं? माझ्याच बघू."

तिनं जारचा नळ सोडला, पेला भरला आणि ओठाला लावला.

दत्तोबांनी हात उगारला. बाप आता लेकीला मारणार, असंच सगळ्यांना वाटलं. हात पेल्यावर बसला. पेला पंगतीत जाऊन पडला.

"पिऊ नगंस, पोरी! फिल्टर कवाचा बंद हाय!"

शकुबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पंगतीआधीच त्याला जारचं पाणी पाजलं होतं; त्याचे ओठ अजून ओले होते.

"आन् आमची लेकरं रं, दत्तोबा?"

माउली, आज देवापुढं हात जोडाल तेव्हा रेश्माची आठवण ठेवा. पंगत उठल्यावर तिला त्याच घरी जायचं होतं.