लाल झिंगा

मार्च लागला की अलाबामातल्या त्या तळ्यावर बास मासे पकडणारे सगळे धक्क्याला होडी लावण्याआधीच गळाचं नकली आमिष दोरीपासून कापून खिशात लपवत. दरवर्षी तिथली मासेमारीची स्पर्धा जिंकणारे चर्चचे डीकन हॉइट मात्र आपलं आमिष खुशाल सांगून टाकत, आणि त्याच स्पर्धेत उतरणाऱ्या व्हर्लिनच्या मनात पाल चुकचुके.

“लाकडी लाल झिंगा लाव, लेका. पाणी गार आहे, सावकाश ओढ.”

“मला काय दूधखुळा समजलात, ब्रदर हॉइट?” असं म्हणून त्याने गळाला निळा लाकडी मासा लावला आणि बाराव्यांदा दुसरा आला.

रविवारी प्रार्थनेला तो मुद्दाम हॉइटच्या मागे बसला. डोळे मिटलेले, कान टवकारलेले.


“प्रभू, बारा वर्षं मी सगळ्यांना खरं तेच सांगितलं. पुढच्या वर्षीही कुणाला पटू देऊ नकोस.”