केकवरचे दाणे

मार्लिसने रोजच्यासारखी टेसाची चित्त थाऱ्यावर राहायची कॅप्सूल उघडून औषधाचे दाणे सफरचंदाच्या गरावर भुरभुरले आणि बोटाला चिकटलेला दाणा नकळत चाटला. गोड! औषध कुठलं, केकवर घालायचे साखरेचे दाणे! म्हणूनच पोरगी वर्गात एका जागी बसत नव्हती. आणि काल बाईंनी तक्रार केल्यावर मार्लिस तिला नाही नाही ते बोलली होती. समोर परीक्षेच्या अभ्यासाला घरी आलेला थोरला मुलगा ब्रेनन, रात्रभर जागूनही टवटवीत, पुस्तकात डोकं घालून बसलेला. तिने कॅप्सूलची बाटली त्याच्यापुढे आपटली. "चोरा, औषध कुठंय हिचं?" "अगं, परीक्षा आहे माझी! जागून अभ्यास करायला कॉलेजात सगळेच घेतात हे. ही तिसरीतली, हिचं काय अडतंय?" मार्लिसने हात उगारला. टेसा मध्ये आली. "आई, मारू नको. दादालाच घेऊ दे. माझ्यावर कुठं चालतं? माझं डोकंच खराब आहे, तूच म्हणालीस ना काल."