दोन क

"काढा," पोलीस ठाण्यातून आलेले साहेब म्हणाले आणि त्यांनी पेंटरसमोर कोरा कागद सरकवला. शेजारी सकाळपासून गावभर चिकटलेलं पत्रक ठेवलं. 'कारखान्याचं पाणी पिऊ नका.'

पेंटरने ते उचलून पाहिलं. अक्षरं त्याचीच होती, पत्रक त्याचं नव्हतं. गेल्या वर्षी लेकीने हट्टाने त्याच्याकडून ब्रशने सगळी मुळाक्षरं काढून घेतली आणि कॉम्प्युटरवर चढवून त्यांचा फॉन्ट केला. "बाबा, तुमचा हात आता म्हातारा व्हायचा नाही," म्हणाली होती. तो फॉन्ट तिने अजून कुणालाच दिला नव्हता. त्या दिवशी ब्रश नीट धुतला नव्हता, म्हणून 'क'च्या पोटात केसाएवढी चीर राहिली होती. पत्रकातल्या दोन्ही 'क'मध्ये ती चीर होती. ही पोरगी एवढी धीट कधी झाली, देव जाणे!

साहेबांनी खिशातून भिंग काढलं. "बारा वर्षं हस्ताक्षरं तपासतोय मी. हाताने काढलेलं अक्षर दोनदा सारखं येत नाही. हे दोन क तर जुळे आहेत. मशीनचे असतील तर आतला कॉम्प्युटर उचलतो, आणि तो चालवणारीलाही."

आतल्या दारात उभी असलेली लेक पांढरीफटक पडली. "साहेब, ते..."

"तू गप्प बस. दूध उतू जातंय, ते बघ आधी," पेंटर तिच्यावर खेकसला. मग साहेबांकडे वळून म्हणाला, "माझाच हात आहे तो."

"असं? मग काढा दोन. अगदी असेच."

चाळीस वर्षांत त्याचे दोन क कधी सारखे आले नव्हते. "पेंटर, दुसरा जाड झालाय," असं गिऱ्हाईक कुरकुरलं की तो हसायचा, "अहो, सख्खे भाऊ आहेत, जुळे नाहीत!" आज ते जुळे नाही आले तर लेक जाणार होती. ब्रश रंगात बुडवताना डबीवर टकटक वाजला.

त्याने नखाने ब्रशचे केस मधोमध फाकवले. श्वास धरला. एक क काढला. मान वर न करता दुसरा.

साहेब भिंग घेऊन वाकले. या क वरून त्या क वर, पुन्हा या क वर. आत दूध खरंच उतू गेलं, पण कुणी हललं नाही.

"मानलं तुम्हाला," साहेब शेवटी म्हणाले. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. "चला. चप्पल घाला."

लेकीने बापाचा हात घट्ट धरला. आता तो थरथरत नव्हता. त्याने हळूच तो सोडवून घेतला.

"ब्रश धुऊन ठेव," तो म्हणाला. "नाहीतर चीर राहते."